नालंदेच्या वाटेवरील पाठशाळा

सातव्या शतकात नालंदेच्या महाविहारात प्रवेश मिळवणे ही साधी गोष्ट नव्हती. विहाराच्या द्वारी एक पंडित बसलेला असे. परदेशातून वा परप्रांतातून आलेला जो कोणी आतील शास्त्रचर्चेत भाग घेऊ इच्छी, त्याला हा द्वारपंडित प्रथम अवघड प्रश्न विचारी. ज्याला उत्तरे देता येत नसत तो आल्या पावली परत जाई. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग लिहितो की, अशा दहा जणांपैकी सात-आठ जण निरुत्तर होऊन माघारी फिरत. या सात-आठ जणांचे पुढे काय होई, हे त्याने सांगितलेले नाही. मगधातला किंवा काशीकडचा विद्यार्थी चार वर्षांनी अधिक तयारी करून पुन्हा येऊ शकत असेल. पण ज्याच्या पाठीशी वाळवंटे आणि पामीरची हिमशिखरे होती, किंवा दक्षिण समुद्राच्या लाटा होत्या, त्याने परत जायचे ते कोठे?

आज परदेशी शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरात सहा-सहा महिने आधी धावपळ सुरू होते. पारपत्र, भाषेची परीक्षा, शिष्यवृत्तीचे अर्ज, राहण्याची सोय, थंडीचे कपडे आणि शेवटी आईने बांधून दिलेली लोणच्याची बरणी. ही सारी तयारी आधुनिक काळाने निर्माण केली असा आपला समज असतो. परंतु विद्येसाठी परदेशी जाणाऱ्याने आधी काय शिकावे, बरोबर काय घ्यावे, वाटेत कोठे थांबावे आणि परक्यांच्या घरात कसे वागावे, याचा नेटका विचार करून तो मागून येणाऱ्यांसाठी लिहून ठेवणारा एक मनुष्य तेराशे वर्षांपूर्वी होऊन गेला. तो चिनी भिक्षू होता, आणि ज्या परदेशाविषयी तो लिहीत होता तो देश म्हणजे आपला भारत. त्याचे नाव इत्सिंग.

शाळेच्या इतिहासात फाहियान आणि ह्युएनत्संग यांच्यानंतर इत्सिंगचे नाव येते, आणि बहुधा एका ओळीत संपते. याला कारण आहे. फाहियानने बुद्धाच्या पुण्यस्थळांची वर्णने लिहिली, ह्युएनत्संगाने राजे, राज्ये आणि लोकांचे स्वभाव टिपले. महाराष्ट्रातील लोक मानी आहेत आणि उपकार विसरत नाहीत हे त्याचे शब्द मराठी माणसाला साहजिकच आवडतात. इत्सिंगच्या ग्रंथात असे काही नाही. तो लिहितो ते पाण्याच्या भांड्यांविषयी, दातवणाविषयी, जेवायला बसण्याच्या रीतीविषयी. वरवर पाहणाऱ्याला हे सारे रुक्ष वाटते. पण नालंदेच्या दारी उभ्या राहणाऱ्या परक्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांनी हा ग्रंथ वाचला म्हणजे त्यातील प्रत्येक बारकाव्याला अर्थ येतो.

त्याच्या आधीच्या दोघांची तयारी कशी झाली, हे थोडे पाहण्यासारखे आहे. फाहियान इ. स. ३९९ मध्ये चांगआन नगरातून निघाला. विनयपिटकाच्या चांगल्या प्रती मिळवणे हा त्याचा हेतू. उत्तर भारतात ग्रंथ गुरूच्या मुखातून शिष्याच्या मुखात जात. नकलून घ्यावी अशी पोथीच हाती लागेना. म्हणून तो पाटलिपुत्रापर्यंत आला आणि तेथे तीन वर्षे राहून संस्कृत शिकला, पोथ्या उतरवल्या. भाषेचा खरा अभ्यास झाला तो असा मुक्कामी पोचल्यावर. ह्युएनत्संग अधिक सावध होता. राजाज्ञा मिळत नसताना, इ. स. ६२९ च्या सुमारास तो निघाला. पण त्याआधी राजधानीतल्या परदेशी लोकांकडून त्याने भाषा शिकून घेतल्या, आणि नाना प्रकारचे कष्ट मुद्दाम सोसून आपले मन डगमगत नाही ना, याची परीक्षाही घेतली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. शिवाय त्याची वाट खुष्कीची होती. खुष्कीचा प्रवास हीच एक पाठशाळा असते. मुक्कामागणिक भाषा थोडी बदलते, अन्न थोडे बदलते, विहारामागून विहार लागतात. वाटेत काश्मीरात तर ह्युएनत्संग दोन वर्षे शास्त्रे शिकत राहिला. नालंदेला पोचेपर्यंत तो निम्मा भारतीय झाला होता म्हटले तरी चालेल.

इत्सिंगच्या वेळी ही वाट धोक्याची झाली होती. इ. स. ६७० मध्ये तिबेटी सैन्याने मध्य आशियातील चिनी ठाणी जिंकून घेतली आणि पश्चिमेकडचा राजमार्ग असुरक्षित बनला. समुद्राची वाट उरली. पण समुद्र माणसाला हळूहळू तयार करीत नाही. कँटनच्या बंदरात पाय उचलावा, आणि तो खाली टेकवावा तो एकदम दुसऱ्या जगात. भाषा निराळी, अन्न निराळे, हवा निराळी. खुष्कीच्या यात्रेकरूला जी तयारी चालता चालता घडत असे, ती समुद्राने जाणाऱ्याला ठरवून करावी लागणार होती. इत्सिंगचे वैशिष्ट्य हे की त्याने ही गोष्ट ओळखली.

त्याचा जन्म इ. स. ६३५ चा. लहानपणीच तो विहारात आला. शान-यू आणि ह्वै-सी हे त्याचे दोन गुरू. पैकी शान-यू तो बारा वर्षांचा असतानाच वारला. भारतात जाण्याची इच्छा त्याच्या मनात अठराव्या वर्षी उत्पन्न झाली आणि ती सिद्धीस गेली सदतिसाव्या वर्षी. मधली वर्षे वाया गेली नाहीत. त्याने विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांचा, कसून अभ्यास केला. चिनी विहारांत या नियमांचे पालन ज्या रीतीने होत होते, तिच्याविषयी त्याच्या मनात शंका उभ्या राहिल्या. आणि मूळ देशात हे नियम प्रत्यक्ष कसे पाळले जातात हे पाहिल्याशिवाय त्या फिटणार नव्हत्या. परदेशी जाऊन नेमके काय शिकायचे आहे, हे त्याला निघण्यापूर्वीच पक्के ठाऊक होते. कित्येक विद्यार्थ्यांना ते परत आल्यावर कळते!

निरोप घेण्याचा प्रसंग सोपा नव्हता. ह्वै-सी वृद्ध झाला होता. त्याला सोडून जावे की नाही, या विचाराने शिष्य अडखळला. गुरूने मात्र सांगितले की, अशी संधी पुन्हा येत नाही, तेव्हा जा आणि मागे पाहू नकोस. निघण्यापूर्वी इत्सिंग आपल्या दिवंगत गुरूच्या समाधीवर गेला, तिची प्रदक्षिणा केली, आणि मग दक्षिणेची वाट धरली.

सोबत्यांचे मात्र काही खरे नव्हते. राजधानीत असताना कित्येकांनी बरोबर येण्याचे कबूल केले होते. एकाची आई म्हातारी होती. त्याचा पाय निघेना. दुसऱ्याचे मन वेगळ्याच उपासनेकडे वळले. एक जण कँटनपर्यंत आला आणि तेथे आजारी पडला. अखेर बरोबर राहिला तो शान-शिंग नावाचा एक तरुण शिष्य, तोही पुढे श्रीविजयात आजारी पडून स्वदेशी परतला. पैशाची सोय फेंग आडनावाच्या एका प्रांताधिकाऱ्याने आणि त्याच्या घरच्या मंडळींनी केली. या उपकाराची नोंद इत्सिंगने कृतज्ञतेने करून ठेवली आहे. इ. स. ६७१ च्या अखेरीस एका इराणी नावाड्याच्या गलबतातून तो कँटनहून निघाला.

वीस दिवसांच्या आत गलबत श्रीविजयाला लागले. श्रीविजय म्हणजे सुमात्रा बेटावरील आजच्या पालेंबांगच्या परिसरातील राज्य, असे बहुतेक संशोधक मानतात. चिनी ग्रंथांतील एका अपरिचित नावामागे हे ‘श्रीविजय’ दडले आहे, हे फ्रेंच पंडित सेदेस यांनी इ. स. १९१८ मध्ये दाखवून दिले. चीन आणि भारत यांच्या दरम्यानचा सागरी व्यापार या राज्याच्या हाती होता. गलबते येथे येऊन अनुकूल वाऱ्याची वाट पाहत थांबत. व्यापारी थांबे तो माल विकण्यासाठी. इत्सिंग थांबला तो शिकण्यासाठी. सहा महिने तेथे राहून त्याने शब्दविद्या, म्हणजे संस्कृत व्याकरण, शिकण्यास आरंभ केला.

हे दृश्य डोळ्यांपुढे आणण्यासारखे आहे. वय सदतीस. स्वदेशी विनयाचा जाणता म्हणून मान्यता मिळालेली. असा हा मनुष्य परक्या बेटावर बसून ‘राम’, ‘रामौ’, ‘रामाः’ अशा जातीच्या रूपांवर डोके खपवतो आहे. ज्या भाषेत शब्दाला विभक्ती नाही, क्रियापदाला काळाचे प्रत्यय नाहीत, अशा चिनी भाषेत वाढलेल्या जिभेला आणि बुद्धीला पाणिनीची सूत्रे म्हणजे केवढा डोंगर वाटला असेल! भारतातील शिक्षणक्रमाचे जे वर्णन त्याने पुढे केले, त्यात तो सांगतो की भारतीय मूल सहाव्या वर्षी ‘सिद्धम्’ नावाची अक्षरमाला शिकू लागते आणि ती सहा महिन्यांत संपवते; आठव्या वर्षी पाणिनीची सूत्रे घेते आणि आठ महिन्यांत पाठ करते; पंधराव्या वर्षी ‘वृत्तिसूत्र’ हाती घेऊन पाच वर्षे त्याचे अध्ययन करते. ही सिद्धम्‌ची अक्षरमाला मराठी माणसाला परकी नाही. आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर पहिले अक्षर गिरवी ते ‘ॐ नमः सिद्धम्’ म्हणत. कोणत्याही कार्याच्या आरंभाला आपण आजही ‘ओनामा’ म्हणतो तो त्याचाच अपभ्रंश. भारतीय बालक सहाव्या वर्षी जो ओनामा करी, तो इत्सिंगने चाळिशीच्या उंबरठ्यावर केला.

श्रीविजयाच्या राजाने त्याला साहाय्य केले आणि पुढे मलायू देशी पाठवले. तेथे दोन महिने, मग केडाह, आणि तेथून राजाच्याच गलबतातून उत्तरेकडे. वाटेत निकोबारची बेटे लागली. इ. स. ६७३ च्या आरंभी तो ताम्रलिप्तीला उतरला. ताम्रलिप्ती म्हणजे आजच्या पश्चिम बंगालमधील तमलूक. त्या काळी पूर्व किनाऱ्यावरील मोठे बंदर. आता नालंदा फार दूर नव्हती. पण येथेही तो घाईने पुढे धावला नाही. ताम्रलिप्तीत त्याला महायानप्रदीप या संस्कृत नावाचा एक चिनी भिक्षू भेटला. हा ह्युएनत्संगाचा शिष्य. सिंहलद्वीप आणि दक्षिण भारत पाहून आलेला. ताम्रलिप्तीच्या नदीमुखाशीच चोरांनी त्याला लुटले होते आणि केवळ जीव वाचला होता. त्यानंतर बारा वर्षे तेथेच राहून तो संस्कृतात पारंगत झाला होता. परदेशात आधी येऊन राहिलेल्या स्वदेशीयाची भेट म्हणजे काय असते, हे परदेशी राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. इत्सिंग त्याच्याजवळ सुमारे वर्षभर राहिला आणि व्याकरणाचा अभ्यास त्याने पुढे चालवला.

मग दोघे व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर मगधाकडे निघाले. नालंदेचे वीसेक भिक्षूही सोबत होते. महाबोधी विहार दहा दिवसांच्या वाटेवर असताना डोंगर आणि दलदलीचा प्रदेश लागला आणि तेथे इत्सिंगला तापाने गाठले. पाऊल उचलेना. थोडे चालावे, पुन्हा बसावे. तांडा पुढे गेला, सोबती पुढे गेले, तो एकटा मागे पडला. सूर्य मावळायला आला तेव्हा डोंगरातून लुटारू उतरले. त्यांनी धनुष्ये रोखली, आरोळ्या ठोकल्या, प्रथम अंगावरचे उत्तरीय ओढले, मग अंतर्वस्त्रही काढून घेतले. कमरेचा पट्टासुद्धा ठेवला नाही. या भागात गोऱ्या कातडीचा मनुष्य सापडला तर देवाला बळी देतात, असे त्याने ऐकले होते. तेव्हा तो एका चिखलाच्या खड्ड्यात उतरला, सर्वांगाला चिखल माखला, पाने लपेटली आणि काठीच्या आधाराने चालू लागला. रात्रीच्या दुसऱ्या प्रहरी, मुक्कामाच्या गावाबाहेर उभा राहून कोणी तरी मोठ्याने आपल्याला हाका मारीत आहे, हे त्याच्या कानी आले. तो महायानप्रदीप होता. त्याने आपल्याजवळचे वस्त्र दिले. इत्सिंगने तळ्यात अंग धुतले आणि मग गावात प्रवेश केला. कितीही तयारी केली तरी तिच्यात न बसणारा असा एखादा प्रसंग उरतोच. त्या वेळी व्याकरण उपयोगी पडत नाही, हाक मारणारा सोबती उपयोगी पडतो.

नालंदेत तो सुमारे दहा वर्षे राहिला. तीन हजारांहून अधिक भिक्षू, आठ मोठी दालने, तीनशे खोल्या, राजांनी दान दिलेली दोनशेहून अधिक गावे, परिसरात दहाच्या वर मोठी तळी. रोज सकाळी घंटा वाजे आणि सारे भिक्षू स्नानाला निघत. जलघटिकेवर वेळ मोजली जाई. हे सारे त्याने टिपले. पण तो काही नालंदेचे स्तोत्र लिहीत नव्हता. त्याचे लक्ष होते ते माणसे दिवसाचे व्यवहार कसे करतात इकडे.

इ. स. ६८५ मध्ये तो परत निघाला. बरोबर सुमारे चारशे ग्रंथ होते, पाच लाख श्लोकांइतके. आणि तो थांबला तो पुन्हा श्रीविजयात! तेथे बसून त्याने भाषांतराला हात घातला. एवढ्या कामाला कागद आणि शाई पुरेना, लेखनिक मिळेनात. इ. स. ६८९ मध्ये कँटनला पत्र धाडण्यासाठी तो बंदरात उभ्या असलेल्या एका गलबतावर गेला. तेवढ्यात वारा अनुकूल झाला, नावाड्यांनी शिडे उभारली आणि गलबत सुटले. पत्र न्यायचे ते पत्रलेखकालाच घेऊन निघाले. इत्सिंग इच्छा नसता कँटनला पोचला. पोथ्या सगळ्या श्रीविजयात! परक्या देशात अठरा वर्षे काढून मायदेशी पाय लागला होता, पण तो तेथे रमला नाही. चार सहायक मिळवून त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तो पुन्हा दक्षिणेकडे निघाला.

या दुसऱ्या मुक्कामात त्याचे दोन ग्रंथ पूर्ण झाले आणि इ. स. ६९२ मध्ये ता-त्सिन नावाच्या भिक्षूच्या हाती त्याने ते चीनला पाठवले. पहिला ग्रंथ म्हणजे दक्षिण समुद्रातून स्वदेशी पाठवलेला आचारवृत्तान्त. त्याची चाळीस प्रकरणे आहेत. जपानी पंडित ताकाकुसू यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर इ. स. १८९६ मध्ये ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून भारतीय अभ्यासकांना तो सुलभ झाला.

यात काय नाही? भारतात जेवताना जेमतेम वीतभर उंचीच्या बैठकीवर, पाय जमिनीला टेकवून बसतात. उंच आसनावर मांडी घालून बसण्याची चिनी रीत तेथे चालत नाही. पाण्याची दोन भांडी हवीत: पिण्याच्या पाण्याचे मातीचे, आणि हातपाय धुण्याचे तांब्याचे किंवा लोखंडाचे. पाणी गाळायला रेशमी गाळणे जवळ असलेच पाहिजे. ते न घेता भिक्षूने प्रवासाला निघू नये. जेवणापूर्वीचे आणि उष्टे यांत भेद आहे. खरकट्या हाताने कोणाला शिवायचे नाही, चूळ भरल्याशिवाय दुसऱ्या कामाला लागायचे नाही. उत्तरेकडून आलेल्या काही राजदूतांना हे ठाऊक नव्हते आणि त्यांचे भारतात हसे झाले, असे तो बजावून सांगतो. भारतीय लोक कच्चा भाजीपाला खात नाहीत, म्हणून त्यांची पोटे बिघडत नाहीत. दुखणे आले तर पहिला उपाय लंघन. स्वतः इत्सिंग वीस वर्षांहून अधिक काळ परदेशी राहिला. तेवढ्या काळात लंघन आणि चहा व जिनसेंग मुळीचा काढा यांवर आपली प्रकृती धड राहिली, असे त्याने नमूद केले आहे.

आणि विहारात कोणी नवा आला तर काय होते? यजमान भिक्षू पुढे होऊन म्हणतो, ‘स्वागत’. आलेला परका असेल तर आणखी एक शब्द म्हणतो, ‘सुस्वागत’. हे शब्द न उच्चारणे म्हणजे विहाराची रीत मोडणे. मग पाहुण्याच्या हातातील झोळी आणि पाण्याचे भांडे घेतले जाते, त्याला विश्रांती दिली जाते. आज लग्नमंडपाच्या दारावर आपण जे दोन शब्द सहज रंगवून टाकतो, ते हजारो कोसांवरून आलेल्या, कोणाचीही ओळख नसलेल्या विद्यार्थ्याच्या कानी पहिल्यांदा कसे पडले असतील! इत्सिंगने ते आपल्या देशबांधवांसाठी अर्थासह लिहून ठेवले, हे विसरण्याजोगे नाही.

तपशिलाच्या या गर्दीत दोन उपदेश मात्र तो स्पष्ट शब्दांत करतो. पहिला असा की, चीनमधून भारतात शिकायला येणाऱ्याने प्रथम व्याकरणाचा वृत्तिग्रंथ शिकावा आणि मगच इतर शास्त्रांकडे वळावे. नाही तर त्याचे सारे श्रम फुकट जातील. दुसरा उपदेश त्याच्या एका भाषांतरावरील टीपेत आहे. श्रीविजयाच्या नगरात हजाराहून अधिक भिक्षू आहेत. तेथे मध्यदेशाप्रमाणेच सर्व विषयांचे अध्ययन चालते, आचारही तेच आहेत. म्हणून पश्चिमेकडे जाऊ इच्छिणाऱ्या चिनी भिक्षूने येथे एक-दोन वर्षे राहून रीतभात अंगवळणी पाडावी आणि नंतर भारतात जावे. स्वतः त्याने तेथे जाताना सहा महिनेच काढले होते. इतरांना तो एक-दोन वर्षे सांगतो, यातच त्याचा अनुभव बोलतो. चिनी शब्दांपुढे संस्कृत प्रतिशब्द देणारा एक लहानसा कोशही चिनी परंपरेने त्याच्या नावावर दिलेला आहे.

इत्सिंगचे प्रत्येक विधान प्रमाण मानावे असे नाही. डोळ्यांनी पाहिलेले तो काटेकोरपणे सांगतो. ऐकीव गोष्टींत त्याची गफलत होते. भर्तृहरी आपल्यापूर्वी चाळीसच वर्षे वारला, असे तो लिहितो. आजचे अभ्यासक या वैयाकरणाला त्याहून बरेच प्राचीन मानतात. पण या चुका त्याच्या मूळ कार्याला बाधक होत नाहीत.

त्याचा दुसरा ग्रंथ लहान आहे आणि वाचायला जड जातो, भाषेमुळे नव्हे, विषयामुळे. पश्चिमेकडे धर्मग्रंथांच्या शोधात गेलेल्या सुमारे साठ भिक्षूंची ती चरित्रे आहेत. त्यांत चिनी आहेत, कोरियातले आहेत, इतर देशांचेही आहेत. कित्येकांची चरित्रे चार-सहा ओळींत आटोपतात, कारण माणसेच वाटेत आटोपली. चांग-मिन नावाचा भिक्षू जावा बेटाकडून येत असता त्याचे गलबत बुडू लागले. नावाड्याने त्याला लहान होडीत येण्यास सांगितले. त्याने आपली जागा दुसऱ्याला दिली, पश्चिमेकडे तोंड करून हात जोडले आणि जलसमाधी घेतली. त्याचा शिष्यही त्याच्याबरोबर गेला. ज्याने हाका मारून इत्सिंगचा जीव वाचवला, तो महायानप्रदीपही पुढे कुशीनगरात, बुद्धाच्या परिनिर्वाणाच्या ठिकाणी, साठी ओलांडल्यावर वारला. स्वदेश त्याला पुन्हा दिसला नाही. आचारवृत्तान्तातील बारीकसारीक सूचना या मरणांच्या यादीशेजारी ठेवून वाचल्या म्हणजे त्यांचा रुक्षपणा उरत नाही.

या चरित्रांत इत्सिंगने एक खंत मोकळेपणाने बोलून दाखवली आहे. भारतात निरनिराळ्या देशांच्या लोकांनी आपापले विहार बांधले आहेत. त्यामुळे त्यांच्या विद्यार्थ्यांची सोय होते. चीनचे असे एकही स्थान नाही, म्हणून चिनी माणसाचे जाणे-येणे कष्टाचे होते. पूर्वी एक होते. नालंदेपासून पूर्वेस, गंगेच्या काठाने गेल्यावर ‘चीन विहार’ म्हणून ओळखली जाणारी जागा होती. श्रीगुप्त नावाच्या महाराजाने वीसेक चिनी भिक्षूंसाठी तो बांधून चोवीस गावांचे उत्पन्न लावून दिले होते, अशी आख्यायिका त्याने ऐकली. हा श्रीगुप्त म्हणजे गुप्त घराण्याचा मूळपुरुष असावा, असे काही इतिहासकार मानतात. इत्सिंगच्या वेळी तेथे विटांचा पाया तेवढा उरला होता. तेथील राजा देववर्मा मात्र म्हणत असे की, चीनहून काही भिक्षू येऊन राहतील तर विहार पुन्हा बांधून देतो, गावेही परत देतो. ता-त्सिनला ग्रंथ देऊन पाठवताना, भारतात एक विहार बांधण्यासाठी राजकृपा व्हावी, अशी विनंतीही इत्सिंगने त्याच्याबरोबर धाडली. परदेशी शिकणाऱ्यांसाठी वसतिगृह मागणारा असा अर्ज आशियाच्या इतिहासात फार जुना म्हणावा लागेल.

सुवर्णद्वीपाने ही गोष्ट पुढे साधली. नवव्या शतकात त्या द्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदेत विहार बांधला, आणि त्याच्या विनंतीवरून पाल सम्राट देवपालाने पाच गावे त्याच्या खर्चासाठी तोडून दिली. हे सांगणारा ताम्रपट नालंदेच्या उत्खननात इ. स. १९२१ मध्ये सापडला. आणखी पावणेदोनशे वर्षांनी तर प्रवाह उलटा वाहिला. बंगालमधील दीपंकर श्रीज्ञान, म्हणजे अतीश, हा गुरूच्या शोधात समुद्र ओलांडून सुवर्णद्वीपाला गेला आणि बारा वर्षे तेथे शिकला. वाटेवरील पाठशाळा स्वतःच मुक्काम झाली.

इत्सिंग इ. स. ६९५ मध्ये लोयांगला परतला. सम्राज्ञी वू स्वतः नगराच्या पूर्वद्वारी त्याला सामोरी आली. पुढील अठरा वर्षांत त्याने छप्पन्न ग्रंथांची भाषांतरे केली आणि इ. स. ७१३ मध्ये तो वारला.

नालंदेतील त्याच्या एका दिवसाची आठवण चरित्रग्रंथात आली आहे. तेथील संग्रहातील चिनी पोथ्या तो चाळीत होता. एका पोथीच्या शेवटी त्याला ओळखीच्या अक्षरांत एक नोंद दिसली: बुद्धाच्या दातवणाच्या वृक्षाखाली बसून कोरियातील सिल्ला देशाचा भिक्षू ह्वै-ये याने ही प्रत लिहिली. इत्सिंगने विहारातील भिक्षूंकडे चौकशी केली. तो येथेच वारला, साठीच्या जवळ आला होता, असे त्यांनी सांगितले. त्याने उतरवलेल्या संस्कृत पोथ्या नालंदेत जपून ठेवलेल्या होत्या.